झाकण लावून काढलेला फोटो

छत्तीस फोटो काढले, रोल धुतला आणि एकही फोटो आला नाही, असं ज्याच्या बाबतीत कधीच घडलं नाही त्याने रेंजफाइंडर कॅमेरा वापरलेलाच नाही, असं खुशाल समजावं. माझ्या बाबतीत ते दोनदा घडलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तिसऱ्यांदा मात्र मी ती चूक मुद्दाम केली, आणि मग करतच राहिलो. हे सगळं त्या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

आधी चूक समजावून सांगतो. आम्ही लग्नाला जो मोठा कॅमेरा न्यायचो, त्यात लेन्समधून जे आत यायचं तेच डोळ्याला दिसायचं. रेंजफाइंडरचं तसं नाही. त्याची बघायची खिडकी लेन्सच्या वर, कोपऱ्यात. खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन असतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, जुळा भाऊ शेजारी उभा असल्यासारखा. लेन्सची कडी फिरवत जायचं. दोघे भाऊ एकमेकांत मिसळले की फोकस बसला. कॅमेरा लहान, हलका आणि आवाजाला इतका कमी की शेजारी उभ्या माणसाला कळू नये. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवं? पण मेख अशी की लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसत राहतं. तुम्ही आपले खुशीत एकेक फोटो काढत जाता. झाकण समोरच्या सगळ्यांना दिसत असतं, फक्त तुम्हाला दिसत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी डोंबिवली पूर्वेला स्टुडिओ टाकला. पासपोर्ट फोटो, मुंजी, लग्नं, बारशी. पोट त्याच्यावर भरायचं. पण ठाण्याच्या एका साप्ताहिकात माझं एक सदर होतं, ‘येता-जाता’ नावाचं. आठवड्याला रस्त्यावरचा एक फोटो आणि खाली दोन ओळी. संपादकांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, “सावंत, पुढाऱ्यांचे फोटो मला फुकट मिळतात. तुम्ही मला रस्ता द्या.” ते वाक्य मी फार मनावर घेतलं. पुढची बारा-तेरा वर्षं माझा रविवार ठाण्याच्या नाहीतर डोंबिवली-कल्याणच्या रस्त्यांवर गेला. बायको म्हणायची, “तुमचा चष्म्याचा नंबर वाढला की नाही ते नंतर बघू, चपलेचा नंबर तेवढा वाढवून घ्या.”

ह्या कामाचं गणित सोपं आहे. उन्हात निघायचं, लेन्सचं भोक बारीक करायचं आणि फोकस दहा फुटांवर लावून ठेवायचा. मग सात फुटांपासून पंधरा फुटांपर्यंत जो कोणी सापडेल तो स्पष्ट येतो. कडी फिरवायची भानगडच नाही. दहा फूट म्हणजे किती, हे पायांना आणि डोळ्यांना पाठ व्हावं लागतं, आणि ते व्हायला मला दोन वर्षं लागली. आजही कुणाच्या दिवाणखान्यात बसलो की समोरची भिंत किती फुटांवर आहे हे मी मनात मोजतो. दुसरं म्हणजे रेंजफाइंडरच्या खिडकीत फोटोच्या चौकटीबाहेरचंही थोडं दिसतं. त्यामुळे माणूस चौकटीत शिरायच्या आधी एक पाऊल तुम्हाला दिसलेला असतो आणि तुमचं बोट तयार असतं. हे ज्याला साधलं तो रस्त्यावरचा राजा. मला ते साधलं होतं, हे सांगताना आता ह्या वयात मी लाजणार नाही.

राजाला प्रजेचा मारही खावा लागतो. कोपरला खाडीकाठी एकदा एक गृहस्थ छत्री उघडून गळ टाकून बसलेले दिसले. मी पाठीमागून फोटो घेतला. कसं कोण जाणे, त्यांना कळलं. छत्री मिटून ते माझ्या अंगावर धावून आले. त्यांनी आजारपणाची रजा टाकलेली होती आणि ऑफिसातले निम्मे लोक आमचं साप्ताहिक वाचत. शेवटी त्यांनी मला दोन मासे देऊ केले. मासे मी घेतले नाहीत आणि फोटो छापायला दिला तो पाठमोराच. तरीही ऑफिसात ते ओळखू आले, छत्रीच्या ठिगळावरून! पुढे ते माझ्याच स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला आले, तेव्हा “जरा हसा” असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

आता तो तिसरा प्रकार. लग्नात फोटो काढणाऱ्या आमच्या पिढीतल्या बहुतेकांना ‘कोरा फ्लॅश’ माहीत आहे. वरपक्षाकडचे शंभर पाहुणे स्टेजवर येणार, प्रत्येकाला वधूवरांशेजारी उभं राहायचं असतं, आणि फिल्म मोजकी. मग नुसता फ्लॅश उडवायचा. आत्याबाई समाधानाने उतरून जेवायला जायच्या. ज्यांच्या अल्बमात एखादी आत्या कमी आहे, त्यांनी काय ते समजून घ्यावं.

रस्त्यावर भर उन्हात फ्लॅश कुठून आणणार? पण तिथेही “माझा काढा, माझा काढा” म्हणणारे असतातच, आणि गंमत अशी की जो माणूस फोटो काढून घ्यायला उभा राहतो तो रस्त्यावरच्या फोटोच्या कामाचा उरत नाही. तो ताठ होतो. अशांसाठी मी झाकण वापरायला लागलो. काळ्या लेन्सवर काळं झाकण. डावा हात लेन्स धरल्यासारखा पुढे ठेवायचा आणि बटण दाबायचं. चिक आवाज झाला की माणूस खूश. मग करंगळीने कॅमेऱ्याच्या तळाचं बारीक बटण दाबून धरायचं आणि लिव्हर ओढायचं. त्याने शटर पुन्हा भरतं पण फिल्म पुढे सरकत नाही. वाया गेलेली फ्रेम कोरीच्या कोरी परत हातात! ही युक्ती मला कुणी शिकवलेली नव्हती आणि तिचा मला तेव्हा अभिमान होता.

नामीबाई मला भेटली ती अशाच एका रविवारी. ठाण्याच्या बाजाराच्या वळणावर एका घड्याळाच्या दुकानाच्या पायरीशी ती मासे घेऊन बसायची. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, आवाज असा की गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडून यायचं. मी तिच्यासमोरून कित्येक रविवार गेलो असेन. त्या दिवशी तिने मला थांबवलंच.

“ए फोटोवाल्या! बैलाचा काढतोस, कुत्र्याचा काढतोस. माजा काढायला काय झाला तुना?”

“काढतो की मावशी.”

“आसा नको. थांब जरा.”

तिने पदराला हात पुसले. पाटीतल्या मोठ्या पापलेटांची तोंडं माझ्याकडे वळवली, गळ्यातली माळ सारखी केली, कोयता बाजूला सारला आणि सरळ बसली. माझ्याकडे फक्त एक फ्रेम शिल्लक होती. त्या वळणावरून थोड्या वेळात बँडवाले परततात हे मला माहीत होतं, मी त्यांचीच वाट बघत होतो. तेव्हा मी झाकण बसवलं, डावा हात पुढे धरला आणि चिक केलं.

“झाला?” तिने विचारलं.

“झाला मावशी. फस्क्लास.”

करंगळीने बटण दाबलं, लिव्हर ओढलं, झाकण खिशात टाकलं. आणि देव पावावा तसा वळणावरून एक बँडवाला आला. सायकलवर, पाठीला आपल्याहून मोठा ढोल बांधून, तोल सांभाळायला जीभ बाहेर काढून. मी फोटो घेतला. पुढच्या आठवड्यात तो छापून आला, मग आमच्या छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मोठा करून मी तो स्टुडिओच्या भिंतीवर लावला. माझं नाव झालं ते त्या ढोलवाल्यामुळे.

नामीबाई पुढचे काही रविवार विचारायची, “धुतलास का माजा फोटू?” आणि शेजारच्या कोळिणी खो-खो हसायच्या. मी कधी “धुतोय” म्हणालो, कधी “रोल खराब निघाला” म्हणालो. पुढे ती विचारेनाशी झाली आणि मीही विसरलो.

मध्ये बारा वर्षं गेली. रविवारच्या भटकंतीत मला एक जोडीदार मिळाला होता, देवधर. मानपाड्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर, माझ्याच वयाचा आणि माझ्यासारखाच रेंजफाइंडरवाला. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कंपनीने त्याला परदेशी पाठवलं आणि येताना साहेब डिजिटल कॅमेरा घेऊन आले. साबणाच्या मोठ्या वडीएवढा, चंदेरी, मागे आगपेटीएवढा पडदा.

“सावंत, रोल नाही, धुणं नाही. काढला की लगेच दिसतो,” देवधर म्हणाला.

“आणि वाईट आला तर?”

“पुसायचा.”

“मग शिकायचं कशातून?”

असं आमचं जुंपलं. शेवटी ठरलं की एका रविवारी दोघांनी त्याच बाजारात, त्याच वेळी, एकेक तास फोटो काढायचे आणि मंडळाने निकाल द्यायचा. निकाल मला आधीच ठाऊक होता. त्या वेळच्या डिजिटलचं बटण दाबलं की तो आधी विचार करायचा, मग फोकस शोधायचा आणि मग सावकाश फोटो काढायचा. तेवढ्यात रस्ता पुढे गेलेला असायचा. देवधरने हातगाडी टिपली तर फोटोत हातगाडीचं मागचं चाक आलं. शिंकणारा माणूस टिपला तर रुमालाची घडी घालणारा माणूस आला. तासाभरात चार पेन्सिल सेलचा एक संच संपून दुसरा घालावा लागला. माझे छत्तीसपैकी सात फोटो छापण्याजोगे होते. मंडळाने एकमताने मला विजयी केलं, आणि मी ते चहा पिता पिता देवधरला चार वेळा तरी ऐकवलं.

पण त्या तासात एक गोष्ट घडली होती ती मी मंडळात सांगितली नाही. देवधरभोवती लोक जमत होते. तो फोटो काढायचा, उन्हाला हात आडवा धरून पडदा दाखवायचा, आणि हमाल, भाजीवाल्या, चपला शिवणारा, सगळे त्या आगपेटीत डोकावून स्वतःला बघायचे. “ह्यात मी लई काळा दिसतोय, परत काढ!” असं त्याला दरडावत होते, आणि तो बिचारा परत काढत होता. मी पलीकडे दहा फुटांवर एकटा उभा होतो. इतकी वर्षं रस्त्यावर काढून, आपण काढलेला फोटो बघून रस्त्यावरचं माणूस कसं हसतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मला ते खुपलं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी नामीबाई स्टुडिओत आली. मी तिला ओळखलंच नाही. केस पिकलेले, खांदे उतरलेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

“वळखलंस का मास्तर? पापलेटवाली. घड्याळाच्या दुकानाची पायरी.”

ठाण्याहून विचारत विचारत आली होती. साप्ताहिकाच्या कचेरीतून माझा पत्ता घेतलेला. मी खुर्ची दिली, चहा मागवला. तिने पिशवीतून एक कागद काढून पुढे केला. रस्त्यावर बसणाऱ्या मासेवाल्यांसाठी नवी मंडई बांधून झाली होती. दहा वर्षं त्याच जागी बसल्याचा पुरावा जो देईल त्याला आत ओटा मिळणार होता, आणि रस्त्यावरचं बसणं बंद होणार होतं. नामीबाईकडे पावत्या होत्या, बाजाराच्या रोजच्या पट्टीच्या, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या. दोन वर्षांपूर्वी उधाणाला खाडीचं पाणी घरात शिरलं आणि पेटीत नुसता लगदा उरला. आजूबाजूच्या बायका साक्ष द्यायला तयार होत्या, पण पालिकेच्या कचेरीला काहीतरी कागद हवा होता.

“ओटा नाय गावला तं मंग काय?” ती म्हणाली. “गाडी येणार नि पाटी उचलून नेणार. घरात मिळवती मी एकटीच. तू माजा फोटू काढलेलास ना? तो दे. शुकरवारपावेतो मुदत हाय.”

मी चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती. ‘मावशी, तो फोटो नाही, कधी नव्हताच,’ हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. मी म्हणालो, “शोधतो.”

ती माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होती. “ह्यो ढोलवाला आमच्या पायरीवरनं गेलेला,” असं म्हणून ती उठली. मी मान हलवली. माझं लक्ष नव्हतं.

माझ्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत असतात. सहा-सहाच्या पट्ट्या कापलेल्या, बटरपेपरच्या पाकिटात घातलेल्या, पाकिटावर तारीख, गाव आणि रस्ता. ही शिस्त माझीच आणि तिच्याबद्दल मी कुणाचीही शाबासकी घ्यायला तयार आहे. बाजाराच्या त्या वळणाची पाकिटं चाळीसच्या वर निघाली. देवधर रजा टाकून मदतीला आला. दिव्याच्या काचेवर पट्टी ठेवायची आणि भिंगातून एकेक चौकट बघायची. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. त्यात एक बाई शोधायची. दोन दिवसांत बैल सापडले, कुत्रे सापडले, रिकामी पायरी तीनदा सापडली. मी जिथून दहा फुटांचं गणित मांडायचो, तिथून ती नेमकी चौकटीबाहेर राहायची.

मी देवधरला झाकणाची गोष्ट सांगितली. तो पुढची पट्टी काचेवर ठेवून भिंगात बघत बसला. त्याला काहीतरी बोलायला लावावं म्हणून मी म्हणालो, “तुझ्या कॅमेऱ्यात असती तर सापडली असती का?”

“छे रे,” देवधर म्हणाला. “कार्डात वीस फोटो मावतात. मी तिचा फोटो तिला दाखवला असता आणि त्याच संध्याकाळी पुसला असता.”

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला उठलो तेव्हा भिंतीवरच्या ढोलवाल्याकडे नजर गेली, आणि नामीबाई काय म्हणाली ते मला आता कुठे ऐकू आलं. ‘आमच्या पायरीवरनं.’ भिंतीवरच्या फोटोत पायरी नव्हतीच. ढोलवाला होता, रस्ता होता. मग पायरी गेली कुठे?

ते पाकीट वेगळं ठेवलेलं होतं, बक्षिसाचं म्हणून. निगेटिव्हबरोबर जुना छोटा नमुना होता, आणि त्यावर मोठा करताना कुठपर्यंत घ्यायचं ते दाखवायला मी लाल पेन्सिलीने रेघ मारलेली. रेघेच्या डावीकडचा तिसरा हिस्सा कापून टाकायचा, अशी खूण. त्या कापायच्या हिश्श्यात घड्याळाच्या दुकानाची पाटी होती, पायरी होती आणि पायरीशी, पापलेटांची तोंडं पुढे करून, नामीबाई बसलेली होती. लख्ख. भिंगातून तिच्या माळेचे मणी मोजता आले असते. ती ढोलवाल्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बोट दाखवून हसत होती.

ही तीच फ्रेम होती. तिच्यापासून वाचवलेली. झाकण लावून तिला जी नाकारली, तीच ढोलवाल्यावर खर्च केली, आणि ती त्या फ्रेममध्ये जाऊन बसली होती. मग मी तिला लाल रेघ मारून दुसऱ्यांदा बाहेर काढलं होतं. मी खुर्चीवर बसलो आणि मला स्वतःची लाज वाटली. देवधरने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “आधी प्रिंट काढ. लाज नंतर वाटून घे.”

मी पूर्ण चौकटीचा मोठा प्रिंट केला. पण पाकिटावरची तारीख माझ्या हातची, ती कचेरीने का मानावी? म्हणून साप्ताहिकाच्या जुन्या फायलीतून तो छापील अंक काढला. ढोलवाल्याचा कापलेला फोटो, वर छापील तारीख. शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं पालिकेच्या कचेरीत गेलो, नामीबाई, देवधर आणि मी.

साहेबांनी भिंग मागवलं. अंक आणि प्रिंट शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं. ढोलाच्या चामड्यावर एक ठिगळ होतं, ते दोन्हीकडे त्याच जागी. ढोलवाल्याची जीभ दोन्हीकडे तेवढीच बाहेर. शंका घ्यायला जागा नव्हती. मग त्यांनी मान वर केली.

“पण मग पेपरातल्या फोटोत ह्या बाई का नाहीत?”

“मी कापल्या,” मी म्हणालो.

“का?”

नामीबाई माझ्या शेजारीच उभी होती. “मध्ये येत होत्या,” मी म्हणालो.

साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि कागदावर सही केली. ओटा मिळाला.

बाहेर आल्यावर नामीबाईने तो प्रिंट पिशवीत घातला. मला गप्प बसता आलं असतं. तिला तिचा फोटो मिळाला होता, तोच तो फोटो असं तिने समजलं असतं आणि मी उपकारकर्ता होऊन घरी गेलो असतो. पण भिंगातून तिचं ते बोट दिसल्यापासून माझी झोप गेली होती.

“मावशी, एक सांगायचंय. तुम्ही त्या दिवशी नीट बसलात ना, तो फोटो मी काढलाच नव्हता. नुसतं नाटक केलं. कॅमेऱ्यावर झाकण होतं.”

“मना ठावं हाय,” ती म्हणाली.

माझा हात कॅमेऱ्याच्या झाकणाकडे गेला.

“आरं, तीस वरसां मी माशाचा डोला बघून ताजा का शिला ते सांगते. तुज्या कॅमेऱ्याचा डोला बंद व्हता तो मना नाय दिसणार? आमी सगल्या बायका हसत व्हतो तुला. फोटू धुतलास का म्हून इचारलं का तुजा चेहरा बघायसारका व्हायचा.”

मला हसावं की कुठे तोंड लपवावं ते कळेना. देवधर मात्र खो-खो हसत सुटला, अगदी त्या कोळिणींसारखा.

“मग फोटो नाही हे माहीत असून इतक्या लांब आलात कशाला?”

“दर आयतवारी डोला उघडा ठेवून आमच्या गल्लीत फिरायचास. येवड्या वरसांत एकदातरी चुकून मी आले आसंन, आसा वाटला.” तिने पिशवीवर हात ठेवला. “आता मुद्दाम काढ. मनापासून.”

ती कचेरीच्या पायरीवर बसली, पदर नीट केला, माळ सारखी केली. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी तो डोळ्याला लावणार इतक्यात ती म्हणाली, “काढलास का दावायचा. लगेच.”

फिल्म लगेच दाखवता येत नाही. आयुष्यभर ज्याच्या श्रेष्ठत्वावरून भांडलो तो कॅमेरा मी मुकाट्याने खाली केला आणि देवधरपुढे हात पसरला. त्याने त्याची ती साबणाची वडी माझ्या हातात ठेवली. मी बटण दाबलं. वडीने विचार केला, फोकस शोधला, मग फोटो काढला. नामीबाई तेवढा वेळ हलली नाही. मी पडद्यावर हाताचा आडोसा धरून तिच्यापुढे नेला. गिऱ्हाइकासारखी ती वाकून, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

“ताजा हाय,” ती म्हणाली.

मग मी म्हणालो, “मावशी, आता एक माझ्या कॅमेऱ्याने.” झाकण मी तिच्या डोळ्यांदेखत काढून खिशात टाकलं. पण ती बारा वर्षांची फसवणूक विसरणारी नव्हती. तिने हात पुढे केला आणि अंगठ्याने लेन्सची काच दाबून बघितली, काच आहे की झाकण. खात्री पटल्यावर सरळ बसली. मी खिडकीतून बघितलं, जुळे भाऊ एकमेकांत मिसळले, चिक केलं. खिडकीत सगळं लख्ख होतं.

रोल धुतल्यावर कळलं. काचेवर तिचा अंगठा उमटलेला होता. माशाच्या हाताचा, चांगला तेलकट. रेंजफाइंडरच्या खिडकीतून तो मला दिसणार कसा? फोटोभर एक धूसर तेज पसरलंय आणि त्यात नामीबाई बसली आहे.

देवधरच्या कार्डातला फोटो त्याच संध्याकाळी पुसला गेला. त्याला घरच्या सत्यनारायणासाठी जागा हवी होती. माझ्या कॅमेऱ्यातला तेवढा राहिला. काचेच्या चौकटीत घालून तिने तो मंडईत ओट्याच्या मागे टांगला. फोटोतल्या एखाद्या जाणकार गिऱ्हाइकाने विचारलंच की बाई, एवढा चांगला फोटो असा पुसट का, तर ती पापलेट कापता कापता अंगठा वर करून दाखवायची.